चाळिसावी मेंढी

बिराप्पाची सगळी मिजास एका गोष्टीवर होती. गाभण मेंढीच्या पोटावरून हात फिरवायचा आणि आत नर आहे की मादी, ते सांगून मोकळा व्हायचा. त्या जोरावर औंधच्या माळावर कुठली मेंढी ठेवायची आणि कुठली विकायची, हे पंचेचाळीस वर्षं त्याच्याच तोंडून ठरत आलं. मुलगा धनाजी पन्नाशीला टेकला तरी कळपामागून नुसता चालायचा. आता त्याला ते सोसवत नव्हतं.

धनाजीची मुलगी राणी कराडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होती. तिनं चाळीस गाभण मेंढ्यांच्या पाठीवर रंगानं आकडे टाकले आणि प्रत्येकीला आज्जा नर सांगतो की मादी, ते वहीत उतरवलं.

"डोळे झाकून सांगितलं तरी चाळिसात वीसेक बरोबर येतात, आज्जा. नशिबानं दोन-चार जास्त. सव्वीस आले, तरच तुमाला कळतं असं मी धरणार. जुळं झालं तर पहिलं येईल ते मोजायचं."

"चाळीसच्या चाळीस धर की," बिराप्पा म्हणाला.

"आबा, सव्वीस न्हाई भरले तर मेंढरं माझ्या हुकमात," धनाजीनं मध्येच घातलं.

म्हातारा हसून व्हय म्हणाला. गर्व, दुसरं काय.

एकोणचाळीस मेंढ्या व्याल्या, पंचवीस बरोबर. चाळिसावीला त्यानं नर सांगितला होता. ती भर दुपारी व्याली, तेव्हा धनाजी आणि राणी लांब बाभळीखाली भाकरी खात होते. मेंढीजवळ एकटा बिराप्पा. राणी धावत आली तोवर दोन कोकरं उठायची धडपड करत होती. एक नर, एक मादी.

"आज्जा, पहिलं कुठलं?"

बिराप्पानं हात धोतराला पुसले. बराच वेळ पुसले.

"मादी," तो म्हणाला.

धनाजीनं तिथल्या तिथं उंब्रजच्या व्यापाऱ्याला फोन लावून मेंढ्या विकायचा सौदा ठरवला.

"पप्पा, थांबा," राणी म्हणाली. "आज्जाला कळत न्हाई असं यातून ठरत न्हाई. कळतं म्हणायला पुरावा कमी पडला, एवढंच. खरंच कळणारा माणूससुद्धा यात नापास होऊ शकतो."

"मग झालाय की." धनाजी बापाकडे वळला. "कुणी बघत नव्हतं, आबा. एवढं खोटं बोलाया तरी जमवायचं."

राणीनं वही मिटली. सव्वीसचा आकडा तिचाच होता.

चाळिसावीला पाणी पाजायला बिराप्पा घमेलं घेऊन उठला.

"बसा," धनाजी म्हणाला. "तीबी दिलीया."