हंसाबाईचा एक्का

दिग्रसच्या एका जिनिंग कारखान्याच्या फाटकाशी त्या वर्षी रोज सकाळी फासा पडायचा. कापसाची आवक इतकी आटली होती की सहा टोळ्यांपैकी एकीपुरतंच काम निघे. रोजची भांडणं मिटावीत म्हणून प्रत्येक टोळीनं एकेक आकडा घेतला. मुकादम फासा टाकी आणि ज्यांचा आकडा वर येईल त्या बाया आत जात. माझ्या शेजारच्या हंसाबाईनं आपल्या टोळीसाठी हौसेनं एक्का मागून घेतला होता. आणि एक्का काही येईना.

नवरा सोडून गेला, म्हैस आटली, आणि आता हे. टोळीतली बसंतीबाई तिला तोंडावर म्हणाली, "तुह्या नशिबापायी आमची चूल पेटून नाही राह्यली. पुढच्या बाजारापासून आम्ही दुसऱ्या टोळीत."

हंसाबाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता दुपारी मनसोक्त झोपतो. "गुर्जी, खरं सांगा, हे माह्यं नशीब हाय का फाशाची खोड?"

मी म्हटलं, "फासा सरळ असेल तर सहाही आकड्यांचा वाटा सारखा. चार-दोन डावांत ते दिसत नाही. टाकत राहा, टाकत राहा, मग सगळे बरोबरीला येतात." एवढं ज्ञान पाजळून मला डुलकी लागली.

जागा झालो तर ती फाटकावरचाच फासा टाकत होती. तो घडवणाऱ्या अय्यूबकडून, म्हणजे जिनच्या फिटरकडून, तिनं मागून आणला होता. जो आकडा येई, त्याच्या ढिगात ती एक सरकी ठेवी. मग रोज दुपारी तेच. उन्हात रुईचे तंतू तरंगत, फरशीवर फासा टकटक करी आणि मला झोपेत सहा डोंगर हळूहळू वाढताना दिसत. एकही डोंगर घाईत नसे. तशी सुखाची झोप मला पुन्हा लागली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी पाहिलं तर चार ढीग एका उंचीचे, छक्क्याचा फुगलेला आणि एक्क्याचा बसका.

"पाहा, माह्या हातानं बी नाही येत," ती म्हणाली. तिचा चेहरा पार उतरला.

"मग दुसऱ्याच्या हातानं टाकू," मी म्हटलं. अय्यूबच्या खैरुनबीला बोलावलं. तिच्या हाताला बरकत आहे असं सगळा मोहल्ला म्हणतो. ती संध्याकाळपर्यंत टाकत बसली. एक्का तिच्याही हाताला बसकाच.

बायकोला न्यायला आलेल्या अय्यूबनं फासा बोटांत फिरवला आणि खाली बसला. "ठिपके दुरून दिसावं म्हणून मी भोकं खोल पाडली, हंसाबाई. छक्क्याची बाजू पोकळ झाली, ते वर येते. समोरचा एक्का जड, तो खाली बसते. गलती माही हाय."

मला वाटलं, ती आता हसेल. ती रडली. "इतके दिवस मी मलेच शिव्या देत होती," म्हणाली. माझेही डोळे भरून आले.

अय्यूबनं लगेच नवा फासा केला. भोकं पाडलीच नाहीत, ठिपके रंगवले. बाजाराच्या सकाळी मुकादमानं तो टाकला. तिर्री आली.

बसंतीबाईनं हंसाबाईकडे पाहिलं.

"आज नाही आला," हंसाबाई शांतपणे म्हणाली, "येईल कधी तरी. तो काही माह्यावर रुसला नाही." तिनं डबा उचलला आणि घराकडे वळली.

बसंतीबाईनंही आपला डबा उचलला. मग मागून म्हणाली, "उद्या सकाळी मले हाक मारजो."