संध्याकाळचं नेट

"मेल्या, चाल की!" चंदनबालाकाकू वायफायच्या डबीवर खेकसायच्या. चातुर्मासात याहून मोठी शिवी त्यांच्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

सांगलीजवळच्या त्या मळ्यात मोबाईलला रेंज नाही, म्हणून कॅनडातल्या भरतेशनं, त्यांच्या लेकानं, ही डबी बसवून घेतली होती. तो परदेशी निघाला तेव्हा त्याच्या वडिलांनी, धन्यकुमारअप्पांनी, रागानं पाठ फिरवली होती, साधं 'जा' म्हटलं नव्हतं. आता अर्धं अंग लुळं पडल्यावर म्हाताऱ्यानं एकच हट्ट धरला. लेकाची क्षमा मागायची, आणि तीही स्वतःच्या तोंडानं.

भरतेशची सकाळ म्हणजे इकडची संध्याकाळ. तो "अप्पा" म्हणतो न म्हणतो तोच चित्र गोठायचं, आवाज तुटायचा. काकू भिंतीतल्या वायरी काढून परत खोचायच्या, हात जोडायच्या. काही उपयोग नाही! अप्पा गुमान भिंतीकडं तोंड करायचे.

कंपनीचा माणूस दोनदा आला, भर दुपारी. "काकू, नेट झकास पळतंय की! फक्त डबी बंद करू नका."

बंद करायची नाही, बरं. पण दिवस मावळला की तिच्या दिव्यांवर किडे-पाखरं झेपावायची आणि पाल टपून बसायची. चातुर्मासात डोळ्यांदेखत जीवहत्या? काकू रोज सांजेला डबीवर स्टीलचं पातेलं पालथं घालायच्या. ते सांगण्याजोगं काही आहे, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

क्षमावाणीचा दिवस उजाडला. 'उत्तम क्षमा' म्हणत सगळ्या जैनांनी सगळ्यांची क्षमा मागायचा दिवस. अप्पा सकाळपासून फोनची वाट बघत होते. दुपारी त्यांना दुसरा झटका आला आणि वाचा गेली. डॉक्टर आले, दवाखान्याची गाडी बोलावली, ती लवकर येईना, शेजारीपाजारी जमले. त्या गडबडीत सांज कधी झाली, काकूंना कळलंच नाही.

फोन वाजला. भरतेशचा चेहरा लख्ख, आवाज खणखणीत. "अप्पा, उत्तम क्षमा! लय चुकलं माजं. बोला की."

काकूंनी फोन अप्पांच्या तोंडाशी धरला. ओठ नुसतेच थरथरले. आजच कसं एवढं स्वच्छ दिसतंय? त्यांनी मान वळवून पाहिलं. डबी उघडी होती, पातेलं ओट्यावर तसंच पडलेलं. म्हणजे रोज सांजेला नेट त्या पातेल्याखालीच कोंडत होतं. मीच गं बाई, मीच! पाखरं वाचवली आणि ह्यांचे शब्द मारले.

"अप्पा? आवाज येईना," भरतेश तिकडून म्हणाला. "तुमचं नेट परत गेलं वाटतं."

"न्हाई रं बाळा," काकूंना हुंदका आवरेना. "आज नेट चांगलं हाय."