डॉक्टरीणबाईंचा हिरमोड

निरगुडसरचा हनुमंत गवंडी तोंडाचा तिखट माणूस. भिंत ओळंब्याला नसली तर मुकादमाचीही भीड ठेवायचा नाही. पण कुणी गोड बोललं की गडी पार विरघळायचा, आणि ही खोड बायकोवाचून, द्रौपदावाचून, कुणाला ठाऊक नव्हती.

सरकारी दवाखान्यात त्यानं उभ्या हयातीत ‘मागं सरा’ नि ‘कागद कुठाय’ एवढंच ऐकलेलं. साठीत छाती दुखायला लागली, तेव्हा तिथं नवी डॉक्टरीण आली होती. तिनं त्याला बसायला खुर्ची दिली, ‘काका’ म्हटलं, सिमेंटनं फुटलेले हात हातात घेऊन पाहिले. झालं! आठवडाभर हनुमंत गावात त्या खुर्चीचंच सांगत हिंडला. गोळ्या मात्र लागू पडल्या नाहीत. पहाटे तो भिंतीला धरून उभा राहायचा, घामानं निथळायचा.

नवरा-बायको पुन्हा दाखवायला गेले तेव्हा बाईंनी विचारलं, "काका, आता दुखतं का?"

"न्हाई बाई. तुमच्या गोळ्यांनी लई बरं हाय."

द्रौपदानं तोंड उघडलं, तर त्यानं तिचा हात दाबला. बाहेर आल्यावर ती भडकली.

"एवढ्या मायेनं औषिद दिलं पोरीनं," तो म्हणाला. "गुण न्हाई म्हणलं तर हिरमोड व्हईल तिचा. पुढल्या खेपेला सांगू की."

पुढली खेप आलीच नाही. चौथ्या दिवशी, दवाखान्याची गाडी यायच्या आत, तो अंगणातच गेला. जन्मभर खेकसणं पचवलेला माणूस मायेच्या दोन शब्दांनी मेला, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण झालं तसंच.

महिन्यानं गावची आशाताई रत्ना रुग्णांच्या अभिप्रायाचा फॉर्म घेऊन आली. दवाखान्याच्या यादीत हनुमंतचं नाव होतं, त्याला तिचा इलाज नव्हता. स्वच्छता कशी होती, किती वेळ थांबावं लागलं, सगळं खालमानेनं विचारून झालं.

"डॉक्टरांचं बोलणं कसं व्हतं, मामी?"

"लई ग्वाड." द्रौपदाला हुंदका आवरेना. "जरा खेकसली असती गं त्यांच्यावर, तर भांडून खरं सांगितलं असतं त्यांनी."

रत्नाचेही डोळे भरले. एकच रकाना उरला होता. तक्रार कुणाविरुद्ध आहे?

"माझं नाव घाल," द्रौपदा म्हणाली. "मी शेजारीच बसले व्हते."