पावणेअकराचा थांबा

भिंगरी हे नाव त्याला आईने ठेवलं, ते तो पाच वर्षांचा असताना. एका जागी बसून एक घास खाईल तर शपथ. चाळिशी उलटली तरी नाव चिकटलेलंच राहिलं, आणि नशिबाची थट्टा अशी की या भिंगरीने एका विमा कंपनीत एकोणीस वर्षं एकाच खुर्चीवर काढली.

काम दाव्यांचं. कुणाची गाडी ठोकली, कुणाच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं, त्याचे कागद तपासायचे. जगात सगळीकडे काहीतरी घडत होतं आणि याच्या टेबलावर त्याचे फक्त तीन प्रतींतले अर्ज येत होते. त्याच्या उजव्या टाचेने टेबलाखालच्या गालिच्याला भोक पाडलं होतं. साफसफाईवाल्या मावशी म्हणायच्या, "साहेब, उंदीर नाही हो, तुम्हीच आहात."

मग एक दिवस त्याने कॉफीच्या फिरत्या गाडीची फ्रँचायझी घेतली. गाडी, यंत्र, कप, वेळापत्रक, सगळं कंपनीचं. चालवणारा तेवढा हा. थोरला भाऊ भडकला. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागलाय!"

बायको पोहायला शिकवायची. भिडस्तपणा तिला ठाऊक नव्हता. "पळतंय कुठे, दादा? चार चाकं आहेत, ब्रेकही आहे," ती म्हणाली. तिने सकाळची सहाची तुकडीही स्वतःकडे घेतली आणि तरणतलावावर भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्या यांनी राजीनामा दिला. सरळ उडी मारली."

इथेच घोडं पेंड खात होतं. राजीनामा त्याने दिलाच नव्हता. सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली होती, आणि हे सांगायचं आज-उद्या करता करता राहून गेलं. मुदत संपेल त्या दिवशी सकाळी अकराच्या आत स्वतः हजर झालं नाही तर जागा रिकामी धरली जाईल, असं पत्रात होतं. ते पत्र त्याने ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झडपेमागे खोचून ठेवलं होतं. ऊन आलं की झडप खाली करायची आणि पत्र मांडीवर पडायचं.

आणि धंदा? धंदा धड बुडतही नव्हता, धड तरतही नव्हता. शिकवायला आलेल्या कंपनीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "गाडी चालू असताना एक कपही विकला जात नाही. थांब्यावर थांबायचं. किल्ली काढायची आणि यंत्राशेजारच्या हुकाला लावायची. कुणी येवो, न येवो, वीस मिनिटं." याने किल्ली कधी काढलीच नाही. चार मिनिटांत कुणी दिसलं नाही की त्याची टाच थडथडायला लागे. इथे काही राम नाही, पुढे बघू. पुढच्या थांब्यावरही तेच. सहा महिने तो आपल्याच गिऱ्हाइकांना चुकवत गावभर फिरत होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी शिवणकामाच्या कारखान्यातल्या इस्त्रीवाल्या बाईंनी त्याला रस्त्यातच गाठलं. एक चप्पल पायात, एक हातात.

"अहो कॉफीवाले! पावणेअकराला आमची सुट्टी होते. दोन जिने उतरेपर्यंत तुमच्या गाडीचा मागचा दिवा तेवढा दिसतो. त्या दिव्याची काय कॉफी प्यायची आम्ही?"

"उद्या थांबतो," तो म्हणून गेला.

"अकरा जणी आहोत. सगळ्यांना सांगते बरं का."

रात्री त्याला झोप आली नाही. खुर्ची की गाडी? नुसतं तळ्यात, मळ्यात चाललं होतं. बायकोने दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने पित्तावर ढकललं.

सकाळी पावणेअकराला तो कारखान्याच्या फाटकासमोर उभा राहिला. ऑफिस तिथून दहा मिनिटांवर. सुट्टीची घंटा झाली नाही. दहा अठ्ठेचाळीस. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, "माल निघायचाय, आज उशीर आहे." टाच थडथडू लागली. दहा पन्नास. आता निघालं तरच पोचता येईल. त्याने गिअरवर हात ठेवला आणि सवयीने वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत इस्त्रीवाल्या बाई उभ्या होत्या. इस्त्री एका हातात, दुसऱ्या हाताचा पंजा काचेला टेकवलेला. थांबा.

त्याने पत्र काढलं, वाचलं, परत खोचलं. दहा पंचावन्न झाले. एकोणीस वर्षांची खुर्ची आपल्याच डोळ्यांदेखत जात होती, आणि गाडीत बसून नुसतं बघण्यापलीकडे तो काही करत नव्हता.

अकरा वाजून दोन मिनिटांनी त्याने बायकोला फोन लावला आणि सगळं एका दमात ओकून टाकलं.

तिच्या मागे तरणतलावावरच्या मुलांचा कालवा ऐकू येत होता.

"माझ्याकडे नवी पोरं येतात ना," ती म्हणाली, "ती काठाची दांडी धरून पाय मारतात आणि ओरडतात, बाई बघा, मी पोहतोय! सहा महिने तू तेच केलंस. आणि मी मात्र पाण्यात होते. तुझा हात धरलाय असं समजून."

"चुकलो गं."

"चुकलासच. मला राग आलाय, आणि तो संध्याकाळपर्यंत जाणार नाही."

फाटक करकरलं. बायकांचा घोळका बाहेर पडला, सगळ्यांच्या पुढे इस्त्रीवाल्या बाई. "अगं बाई, थांबले की हो खरंच!"

ते फोनमधून पलीकडे गेलं असावं. "गिऱ्हाईक आलंय," बायको म्हणाली. "ठेव फोन. आणि सगळ्यांना नीट दे."

त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली, मागे गेला आणि यंत्राशेजारच्या हुकाला लावली. सहा महिन्यांत त्या हुकावरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं.

"लवकर करा हो, पंधराच मिनिटांची सुट्टी आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"एकेक करून या," तो म्हणाला. "मी काही कुठे जात नाही."