सारख्या मार्कांच्या दोघी

प्राचार्यांनी दुपारच्या जेवणापर्यंत वेळ दिला होता. तोवर गुणवत्ता यादी लागली नाही, तर नांदेडच्या आमच्या कॉलेजात आलेला पहिलावहिला कॉम्प्युटर संस्थेच्या लातूरच्या कॉलेजला जाणार होता. तिथं तो धूळ खात पडला असता, हे मी आजही लिहून देते. मी गणिताची प्राध्यापक. कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करा म्हणून दोन वर्षं सगळ्यांचं डोकं खाल्लेलं, आणि यादी लावायचा माझाच प्रोग्रॅम सकाळी सगळ्यांसमोर अडकून बसला. यादी काही येईना.

मी वर्गातल्या बारा मुलींना व्हरांड्यात उभं केलं. मशीन यायच्या आधी आम्ही असंच शिकायचो. प्रत्येकीच्या हातात मार्कांची चिठ्ठी. मी प्रोग्रॅमची ओळ वाचायची, त्यांनी तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही.

"मागचीचे मार्क पुढचीपेक्षा कमी नसतील, तर जागा बदला. अख्ख्या फेरीत कुणीच हललं नाही की थांबा."

रांग झकास लागली. पण मुदखेडची आणि हदगावची, दोघी एकमेकींच्या पुढं-मागं होतच राहिल्या. शेवटी हदगावची वैतागली.

"म्याडम, आमचे मार्क सारखेच हायत. कवापासून नुसत्या जागाच बदलून राहिलो!"

मी कपाळावर हात मारला. मार्क सारखे असले तर काय, याचा मी विचारच केला नव्हता. सारखे म्हणजे 'कमी नाहीत'च, म्हणून मशीनही सकाळपासून सारख्या मार्कांची नावं नुसती पुढं-मागं करत बसलं होतं. आम्हा गणितवाल्यांची ही जुनी खोड, 'हे तर उघडच आहे' म्हणायचं आणि पुढं जायचं. मशीनला कसलं आलंय उघड!

पदर खोचून आत धावले. 'कमी नसतील तर' काढलं, 'जास्त असतील तरच' घातलं आणि कळ दाबली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच यादी हजर! मी आनंदानं ओरडलेच. त्या वयात, त्या खुर्चीत, चक्क ओरडले.

प्राचार्यांनी हातानं केलेली यादी शेजारी धरली आणि एकेका नावावर बोट ठेवत खालपर्यंत गेले.

"पुन्हा करा."

केलं.

"पुन्हा."

आता मी उठलेच. "सर, तुम्हीच दाबा."

त्यांनी एका बोटानं कळ दाबली, यादी आली आणि ते खुदकन हसले. मग फोन ओढून लातूरचा नंबर फिरवला.

"ते मशीन काही येत नाही आता," ते म्हणाले. "का म्हणजे? आम्हाला लागतंय."