मिस्त्रींचं नाक

गाडी दारात येऊन थांबली की मिस्त्री बॉनेटकडं जायचे नाहीत. ते आधी मागं जायचे, उकिडवे बसायचे, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचे आणि तो तळहात नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. अत्तराच्या दुकानात आल्यासारखे. मग उठून गाडीवाल्याला सांगायचे, "पेट्रोल जादा पितीया," किंवा "ऑइल जळतंय," आणि त्यानंतरच पाना हातात घ्यायचे. तुमच्याही गावात असा कुणी असेल. कुणी इंजिनाला कान लावतो, कुणी हात ठेवून थरथर बघतो. आमचे मिस्त्री नाकाचे होते.

येडशीत माझं औषधाचं दुकान आहे आणि त्यांचं गॅरेज रस्त्याच्या बरोबर पलीकडं होतं. पत्र्याचं शेड, पुढं कडुनिंब, खाली काळीकुट्ट झालेली माती. ते मला डॉक्टर म्हणायचे. मी डॉक्टर नाही, गोळ्या विकणारा आहे, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं होतं.

कोरोनात आमच्याकडं बऱ्याच जणांचा वास गेला. कुणाचा आठवड्यात आला, कुणाचा महिन्यात. मिस्त्रींचा आलाच नाही. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते हळूच यायचे, बामची बाटली मागायचे, झाकण उघडून नाकाशी धरायचे, लांब श्वास घ्यायचे आणि बाटली परत ठेवायचे.

"आज न्हाय. बगू उद्या."

कापूर झाला, ओव्याची पुरचुंडी झाली, नाकातले थेंब झाले. दोन वर्षं उलटून गेली तरी "बगू उद्या" चालूच होतं. मी म्हणायचो, मिस्त्री, सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा. ते मान हलवायचे. त्यांना भीती होती की डॉक्टर कायमचं नाही म्हणून सांगेल.

"कुनाला बोलू नका, डॉक्टर. ड्रायव्हरला दिसत न्हाय म्हणल्यावर त्याच्या गाडीत कोन बसंल?"

घरीही त्यांनी सांगितलं नव्हतं. वहिनी एकदा खोकल्याचं औषध न्यायला आल्या तेव्हा कौतुकानं म्हणाल्या, "कोरोनापासनं मानूस लई सुधारला बगा. भाजी करपली तरी गुमान खातात, नाव ठेवत न्हाईत." मी हसलो आणि औषध बांधून दिलं.

त्यात माझी गाडी बिघडली. जुनी, दुसऱ्या हातानं घेतलेली, पण फ्युएल इंजेक्शनची. उभी केली की अंग झाडल्यासारखी थरथरायची, गतिरोधकाशी वेग कमी केला की बंद पडायची, गरम असली की लवकर चालूच व्हायची नाही. मागून काळा धूर. मिस्त्रींनी प्लग काढून दाखवले, काजळी धरलेले. नवे घातले, चार दिवसांत तेही काळे. मग थ्रॉटल साफ केला, कॉइल बदलली, वायरी बदलल्या, धाराशिवहून एकाचं स्कॅनर मागून आणलं. स्कॅनर काहीच दाखवीना.

"पेट्रोल जादा जातंय, हे प्लगच सांगतोय," ते म्हणायचे. "पन जातंय कुठनं?"

गाडी कडुनिंबाखाली मुक्कामालाच होती. येणारे-जाणारे विचारायचे, "डॉक्टर, गाडी ॲडमिट केली व्हय? बिल निघालं का?" मी हसण्यावारी न्यायचो. पलीकडं मिस्त्री ऐकत असायचे आणि बॉनेटमध्ये आणखी खाली वाकायचे. त्यांच्याकडं येणाऱ्या गाड्या आधीच कमी झाल्या होत्या. एक दिवस रस्ता ओलांडून ते दुकानात आले, हात जोडायलाच निघाले होते. मी त्यांचे हात धरले.

"ही गाडी दुसरीकडं नेऊ नका, डॉक्टर. सगळी बगत्यात. नेली तर माजं सपलं."

मला त्यांचा रागही यायचा. रोज दुकानात यायला मी दुसऱ्यांच्या मोटारसायकलवर मागं बसत होतो. पण ज्या माणसाच्या बोटांचा काळेपणा साबणानं धुऊनही जात नव्हता, त्याला नाही कसं म्हणायचं? मी म्हटलं, राहू द्या तुमच्याकडं.

नंतर एका दुपारी मी गॅरेजात बसलो होतो. गाडी चालू होती, थरथरत होती. मिस्त्रींनी पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची बारीक रबरी नळी उपसली, नाकाशी धरली आणि परत बसवली. "ह्यो चांगलाय," स्वतःशीच म्हणाले. तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. पेला देताना त्यांनी तोंड बाजूला केलं.

"हाताला केवढा वास मारतोय पेट्रोलचा."

"आज म्या पेट्रोलला हात बी लावला न्हाय," मिस्त्री म्हणाले. "निस्ती ही नळी धरली."

बोलता बोलता ते थांबले. पेला खाली ठेवला. नळी पुन्हा उपसली आणि वहिनींच्या पुढं धरली. वहिनी मागं सरकल्या. मग माझ्यापुढं धरली. नळी बघायला कोरडी होती, पण नाकात पेट्रोलचा भपकारा गेला. रेग्युलेटरच्या आतला पडदा फाटलेला होता आणि पेट्रोल त्या नळीतून सरळ इंजिनात जात होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी ती हुंगली होती. नंतर कितीतरी वेळा हुंगली होती. हात जन्माच्या सवयीनं नळी नाकाशी न्यायचा, वास यायचा नाही, आणि वास नाही म्हणजे पार्ट चांगला, असं डोकं सवयीनंच सांगायचं.

मला वाटलं, ते हसतील. दुखणं सापडलं होतं. ते गाडी बंद करून जमिनीवर बसले.

"तुमाला वास येत न्हाय?" वहिनींनी विचारलं. "कवापासनं?"

मिस्त्री माझ्याकडं बघत म्हणाले, "डॉक्टर, नळी, पाइप, जॉइंट, सगळं म्या नाकानंच बगतो. किती जनांला म्या सांगितलं आसंल, लीक न्हाय, जावा बिनघोर म्हणून?"

त्या माणसाचा तेव्हाचा चेहरा मला आजही आठवायला नको वाटतो. ओठ हलत होते, तो एकेक गाडी आठवत होता.

माझी गाडी त्यांनी त्याच आठवड्यात नीट केली आणि गॅरेजला कुलूप लावलं. मग मोटारसायकलवर वहिनींना मागं बसवून ते गावोगाव निघाले. वास गेल्यापासून पेट्रोलच्या पाइपला हात लावलेल्या सगळ्या गाड्या परत बघायच्या होत्या. वहिनी बॉनेटमध्ये वाकायच्या, पदर बाजूला करून वास घ्यायच्या. मिस्त्री अपराध्यासारखे लांब उभे राहायचे. लोक आधी हसले, मग काहींनी शिव्या दिल्या. तामलवाडीत एका गाडीशी वहिनी वाकल्या आणि लगेच ताठ झाल्या. पाइपाच्या जॉइंटमधून पेट्रोल पाझरत होतं, आणि त्या घरातली माणसं लेकराबाळांसकट लग्नाला निघालेली होती. मिस्त्रींनी तिथंच पाइप बदलला. परत आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या.

सगळ्या गाड्या सापडल्या, एक सोडून. लाल रंगाची, जुनी. तिचा पाइप त्यांनी जुनाच ठेवला होता आणि जॉइंट हुंगून पाठवणी केली होती. मालकानं ती एजंटाला विकली, एजंटानं आणखी कुणाला. पुढचा पत्ता लागेना. मिस्त्री बार्शीला गेले, लातूरला गेले, एजंटाच्या दारात बसून राहिले.

गॅरेजच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मिस्त्री वहिनींच्या माहेरी, ईटला राहतात, मेहुण्याच्या शेतात काम करतात. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगायचं ते सांगून टाकलंय. येडशीला यायचं ते टाळतात. फोन मात्र येतो. रस्त्यावर कुठं गाडी पेटली अशी बातमी आली की तासाभरात येतो.

"डॉक्टर, रंग कंचा व्हता?"

मी सांगतो, पांढरा. किंवा, ट्रक होता, मिस्त्री. पलीकडून "बरं" असं येतं आणि फोन बंद होतो. मी कितीदा म्हटलं, तुम्ही एकट्यानं कुणाकुणाची काळजी करणार, गाड्या काय तुमच्यामुळंच पेटतात काय. पुढच्या बातमीला पुन्हा फोन येतो.

गेल्या आठवड्यात इथून जवळच हायवेवर एक गाडी जळाली. आतले दोघे वाचले नाहीत. फोन आला तेव्हा बातमी माझ्यासमोरच होती. मी ती पुन्हा वाचली. रंग दिलेला नव्हता. फोटोत नुसता काळा सांगाडा होता.

"रंग लिहिलेला नाही," मी म्हटलं.

या वेळी "बरं" न म्हणताच त्यांनी फोन ठेवला. दुपारी त्यांची मोटारसायकल दुकानासमोरून गेली. ते चालवत होते, वहिनी मागं होत्या. मी पायरीवर येऊन हाक मारली, पण ते हायवेकडं वळून गेले.