मोठ्या मायचं बाकडं

मोठी माय खुर्चीवर बसलेली मी कधी पाहिली नव्हती. लग्नात मांडलेल्या खुर्च्या ओलांडून ती सरळ सतरंजी गाठायची. एसटीत जागा मिळाली तरी चपला काढून सीटवर मांडी ठोकायची. ही माझी चुलती, आईची थोरली जाऊ. झरीच्या आमच्या घरात दोघींनी एका चुलीवर संसार केला.

दुसरी खोड म्हणजे काही टाकायचं नाही. बैलगाडी मोडली, गोठ्याचं दार निखळलं, सगळं शेडमागे रचलेलं. भंगारवाल्याचं नाव काढलं की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. लागंल कशाला तरी." त्या ढिगात विंचू निघतात म्हणून मी किती डोकं फोडलं, पण ऐकेल ती मोठी माय कसली.

मग आई न्हाणीत पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जमिनीवर बसायचं नाही, गुडघ्यापेक्षा ठेंगण्या बैठकीवर टेकायचं नाही, पण रोज उठून बाहेर यायचं, नाहीतर अंथरूण धराल. मी जिंतूरहून, माझ्या नोकरीच्या गावाहून, प्लास्टिकची खुर्ची आणली. आईनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई खाली बसणार अन् मी वर? माझ्यानं हुणार न्हाई."

बाई म्हणजे मोठी माय. सून होऊन आल्यापासून आई थोरल्या जावेपेक्षा उंच बसली नव्हती. मोठ्या मायनं शपथा घातल्या, पण आई आत कॉटवर पडून राहायची. तिचे पाय बारीक होत चालले. मला काळजीनं झोप लागेना आणि दोघींचा संतापही यायचा. एकदा मी बोललेच, "मोठी माय, मग तूच बस की खुर्चीवर."

"मला त्यात कोंडल्यावानी हुतंय," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी गेले तर ती आईच्या पायाला तेल लावत होती. मध्येच तिनं टाचेपासून गुडघ्यापर्यंत दोरी धरली.

"हे काय गं?" मी विचारलं.

"दृष्ट काढायलेय. गप बस."

मग दुपारभर शेडमागून ठोकाठोक ऐकू आली. संध्याकाळी तिनं एक धूड ओसरीवर ओढत आणलं. मोडक्या गाडीच्या दांड्यांचे पाय, गोठ्याच्या दाराच्या फळ्या, दगडावर ठोकून सरळ केलेले जुने खिळे. एक पाय आखूड निघालेला, त्याखाली तिनं फरशीचा तुकडा सरकवला. दाराची कडी अजून तशीच होती.

"माझे गुडघे धरायलेत," तिनं आत ऐकू जाईल असं जाहीर केलं. "खाली बसवंना आता." आणि चक्क वर बसली. "सुमे, ये बाहेर. एकटीला लय लांब झालंय हे बाकडं."

आई वॉकर टेकत आली. जावेकडे बघितलं, बाकड्याकडे बघितलं आणि शेजारी बसली. माझा जीव भांड्यात पडला. चहाचं निमित्त करून मी आत पळाले आणि पोटभर रडून घेतलं.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा लक्षात आलं. आईचे पाय जमिनीवर नीट टेकले होते. बुटक्या मोठ्या मायचे मात्र लहान पोरीसारखे हवेत लोंबत होते.

आता आई काठी घेऊन मारुतीपर्यंत जाऊन येते. ती फाटकाबाहेर पडली की मोठी माय टुणकन उतरते आणि जमिनीवर मांडी घालून तूर निवडत बसते. काठी ऐकू आली की सूप घेऊन परत वर, गुडघा चोळत. परवा मला हसू आवरेना.

"तिला सांगशील तर बघ," ती तूर पाखडत म्हणाली. "काठी वाजंस्तोर बसू दे मला खाली."